धूर, पाणी आणि सहकार्य

हवेला शीव नसते. मुंबईंत जळलेल्या कोळशाचा वायु मुंबईंत थांबत नाहीं. तो साऱ्या जगाच्या वातावरणांत मिसळतो. म्हणून पृथ्वीची उष्णता वाढविणारे वायु कमी करणें हें कोणा एका शहराचें काम नव्हे. त्यासाठीं शहरांनीं, जिल्ह्यांनीं व प्रांतांनीं एकमेकांस हात द्यावा लागतो. अशा सहकार्याचा एक जुना धडा कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशीं आहे. कडावच्या शेतांतून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्या माथ्यावरील पाण्याची ही कथा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. बंगालहून आणि समुद्रापलीकडून आलेला कोळसा त्यांच्या भट्ट्यांत जळे. धुराचा उपद्रव इतका वाढला कीं, १९१२ सालीं मुंबई सरकारनें त्याविरुद्ध कायदाच केला. त्या कायद्याचा रोख डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुरावर होता. न दिसणारा कर्बद्विप्राणिल वायु, ज्यास आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों, त्याच्या हिशेबांत नव्हता. ह्या वायूनें पृथ्वी तापते, असें गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ आऱ्हेनियस ह्यांनीं १८९६ सालींच मांडलें होतें. परंतु तें राज्यकारभारापर्यंत पोंचलें नव्हतें.

कायद्यापेक्षां मोठें काम पाण्यानें केलें. घाटमाथ्यावरील पाणी अडवून कोंकणांत सोडावें आणि त्यावर वीज करावी, ही योजना जमशेटजी टाटांनीं उचलून धरली. पण १९०४ सालीं ते वारले. पुढें त्यांच्या पुत्रांनीं देशी भांडवलावर ती सिद्धीस नेली. सरकारनें परवाने दिले व जमिनी संपादन केल्या. १९११ सालीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हस्ते लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. एरव्हीं भीमेच्या वाटेनें पूर्वेस गेलें असतें तें पाणी सुमारें १,७०० फूट खालीं नळांतून कोसळलें आणि चक्रें फिरूं लागलीं. १९२२ सालीं आंध्रा नदीच्या पाण्यावर कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें वीजघर उभें राहिलें. मुंबईच्या अनेक गिरण्यांनीं वाफेचीं यंत्रें सोडून वीज घेतली.

वीज केल्यावरहि तें पाणी पाणीच राहतें. भिवपुरीहून सुटणारें पाणी राजनाल्यांतून कर्जत तालुक्याच्या भातशेतीस मिळूं लागलें. आपल्या डोंगरपायथ्याचा हा लाभ खरा; पण घाटमाथ्याच्या वांट्यास काय आलें, तेंहि सांगितलें पाहिजे. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं आपल्या जमिनी धरणाखालीं जाऊं नयेत म्हणून सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, परंतु धरण थांबलें नाहीं. त्या पाण्यावरील भिऱ्याचें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें. मुंबईचा धूर कमी झाला. त्याची किंमत मावळानें दिली. सरकार व भांडवल एकत्र आलें होतें. ज्यांचें गांव बुडणार त्यांना मात्र त्या बैठकींत जागा नव्हती.

पुढें विजेची मागणी पाण्यास पेलेना. १९५६ सालीं ट्रॉम्बे येथें औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें, आणि मुंबईचा वीजपुरवठा पुन्हां इंधनाच्या ज्वालेवर विसंबूं लागला.

आतां जगभर प्रांतिक सरकारें ह्या कामीं एकत्र येत आहेत. २०१५ सालीं कॅलिफोर्निया व जर्मनीचें बाडेन-वुर्टेंबर्ग ह्या दोन राज्यांच्या पुढाकारानें ‘अंडर टू’ नांवाचा करार झाला. पृथ्वीची तापवाढ दोन अंशांच्या आंत राखावी, हा त्याचा उद्देश आहे. महाराष्ट्रानें २०२० सालीं ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलें व त्यांत गांवांनाहि स्थान दिलें. पुढल्या वर्षीं ग्लासगो येथें त्याच ‘अंडर टू’ संघानें महाराष्ट्राचा गौरव केला. २०२३ सालीं भिवपुरीस १,००० मेगावॅटच्या नव्या योजनेचा करार राज्य सरकार व टाटा पॉवर ह्यांच्यांत झाला. वीज मुबलक असतां पाणी वर चढवावयाचें आणि टंचाईच्या वेळीं खालीं सोडून वीज घ्यावयाची, अशी ती योजना आहे. सूर्य मावळल्यावरहि त्याची वीज वापरतां यावी, ह्यासाठीं अशा सांठ्याची गरज आहे.

श्रोतेहो, धूर हटविण्याचें काम शंभर वर्षांपूर्वीं ह्या डोंगरांनीं एकदां करून दाखविलें आहे. तें पुन्हां करावयाचें तर करारावर सही होण्यापूर्वीं डोंगरांतील माणसालाहि विचारावें लागेल. सहकार्य ह्या शब्दाचा अर्थ तेथेंच खरा होतो.