नाक, नासाकोटरे, मुख आणि त्वचा यांची परिचर्या तपासणी

नाक, नासाकोटरे, मुख आणि त्वचा यांची परिचर्या तपासणी हा रुग्णाच्या सर्वांगीण शारीरिक तपासणीचा एक भाग होय. रुग्ण दाखल होताना व त्यानंतर ठरावीक अंतराने परिचारिका किंवा परिचारक ही तपासणी करतात. रोगनिदान करणे हा तिचा हेतू नसतो. रुग्णाच्या स्थितीतील बदल वेळेवर ओळखणे, त्यांची नोंद करणे आणि ते डॉक्टरांना कळविणे हे तिचे प्रयोजन आहे. त्यासाठी विजेरी, हातमोजे, जीभ दाबण्याची पट्टी, गॉजचा तुकडा आणि पुरेसा उजेड एवढे साहित्य बहुधा पुरते. साधन इतके अल्प असल्यामुळेच कदाचित कामाच्या घाईत ही तपासणी सर्वप्रथम वगळली जाते. त्याचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व मराठवाड्याने २०२१ साली अनुभवले.

== नाक व नासाकोटरे ==

प्रथम नाकाचा बाह्य आकार, सूज व स्राव पाहतात. एक नाकपुडी दाबून दुसरीतून श्वास घेण्यास सांगितले की मार्ग मोकळा आहे की नाही हे कळते. त्यानंतर मान किंचित मागे करवून विजेरीने श्लेष्मकलेचा रंग, मधला पडदा, खपल्या व मांसवृद्धी पाहतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर आत मणी, बी किंवा खडू अडकल्याची शंका घ्यावी. डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून पाण्यासारखा स्राव येणे हे मेंदूभोवतीचा द्रव गळत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी नाकात बोळा भरू नये, नळी घालू नये व डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घोळणा फुटणे ही नित्याची तक्रार असते. रुग्णाला पुढे वाकवून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे दाबून धरावा. डोके मागे टाकण्याची घरोघरची सवय चुकीची आहे, कारण त्यामुळे रक्त घशात उतरते.

बोलीत ज्यांना सायनस म्हणतात त्या नासाकोटरांच्या चार जोड्या असतात. त्यांपैकी कपाळातील व गालाच्या हाडातील याच दोन जोड्या बाहेरून दाबून तपासता येतात. भुवईखालील हाडावर आणि गालाच्या उंचवट्याखाली अंगठ्याने दोन्ही बाजूंना सारखाच दाब द्यावा. दुखते की नाही यासोबतच दोन्ही बाजूंची जाणीव सारखी आहे का, हेही विचारावे.

== मुख ==

तपासणीपूर्वी कवळी काढून ठेवण्यास सांगावे. कवळीखालील व्रण ती काढल्याशिवाय दिसत नाहीत. ओठ, गालांचा आतील भाग, हिरड्या, दात, जिभेचा पृष्ठभाग व कडा, जिभेखालचा भाग, टाळू आणि घसा असा क्रम ठेवावा. जिभेच्या कडा व जिभेखालची जागा येथे कर्करोग अनेकदा सुरू होतो, म्हणून गॉजने जीभ हलकेच धरून दोन्ही बाजू पाहाव्यात.

पांढरा थर दिसल्यास तो गॉजने पुसून पाहावा. बुरशीसंसर्गाचा थर सहसा निघतो व खाली लालसर पृष्ठभाग दिसतो. न निघणारा पांढरा चट्टा कर्करोगपूर्व असू शकतो. तोंड किती उघडते हेही मोजावे. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जात नसतील तर सुपारीमुळे होणाऱ्या तंतुमयतेची शंका येते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरीही सुपारी, मावा व तंबाखू-चुना यांचे सेवन थांबलेले नाही.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो याला येथे विशेष महत्त्व आहे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ग्रामीण भागातील अनेक वयस्क स्त्रिया ‘नाही’ असे उत्तर देतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खरेच असते. मिशेरी ही भाजलेली तंबाखूच असली तरी ती लावणे म्हणजे दात घासणे, अशी समजूत असते. ‘मावशी, मिशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ असे विचारल्यास उत्तर मिळते. दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेला तोंडातील व्रण दुखत नसला तरी तज्ज्ञांकडे पाठवावा. शहरात यासाठी शासकीय दंत महाविद्यालय व शासकीय कर्करोग रुग्णालय उपलब्ध आहे.

== त्वचा ==

त्वचेचा रंग, उष्णता, ओलावा, ताण, सूज व व्रण तपासतात. अनेक पाठ्यपुस्तकांतील वर्णने गोऱ्या त्वचेवर बेतलेली आहेत; तेथे निरोगी त्वचा ‘गुलाबी’ असते आणि दाब पडलेली जागा ‘लाल’ होते. आपल्याकडील सावळ्या व काळ्या वर्णावर ही चिन्हे तशी दिसत नाहीत. म्हणून फिकटपणा खालच्या पापणीच्या आत, जिभेवर व तळहातावर पाहावा. निळेपणा जिभेवर व ओठांच्या आत. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात व टाळूवर. शय्याव्रणाची सुरुवात ओळखण्यासाठी माकडहाड, टाचा व खुबे हाताने चाचपावेत. भोवतालापेक्षा उष्ण, कडक किंवा अधिक काळसर जागा ही धोक्याची सूचना असते. धोका मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्रेडन मापनात ६ ते २३ गुण असतात आणि गुण जितके कमी तितका धोका अधिक.

शरीरातील पाणी कमी झाले आहे का हे पाहण्यासाठी त्वचेची चिमटी घेतात. वृद्धांची त्वचा मुळातच सैल असल्याने हाताच्या पाठीऐवजी छातीच्या मध्यभागी चिमटी घ्यावी. फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर कापसाचा स्पर्श जाणवत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी आवश्यक ठरते. त्याचे औषधोपचार शासनाकडून विनामूल्य मिळतात.

== २०२१ मधील म्युकरमायकोसिस ==

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले. मराठवाड्यातील अनेक रुग्ण उपचारांसाठी औरंगाबादला आले. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना १९५६), अर्थात ‘घाटी’, येथे तसेच खाजगी रुग्णालयांत त्यांच्यावर उपचार झाले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये अधिसूचित करण्यास सांगितले. ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचा तुटवडा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेही आला होता.

अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड ही या आजाराची प्रमुख पार्श्वभूमी होती. नाक, नासाकोटरे, मुख व त्वचा या चारही ठिकाणी त्याच्या खुणा उमटतात. ‘काळी बुरशी’ हे रूढ नाव मात्र दिशाभूल करते. ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते व त्यामुळे मृत झालेला भाग काळा पडतो. म्हणजे टाळूवरील काळा डाग किंवा नाकातील काळी खपली दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. त्याआधीच्या खुणा साध्या असतात: चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणे किंवा बधिरपणा, एकच नाकपुडी चोंदणे, रक्तमिश्रित स्राव, पापणीची सूज, दात अचानक हलू लागणे. वरचा जबडा किंवा डोळा काढावा लागलेले रुग्ण या साथीत अनेक होते, म्हणून या काही दिवसांच्या फरकाला मोल आहे.

== नोंद ==

‘तोंड ठीक’, ‘त्वचा सामान्य’ अशा नोंदींचा पुढील पाळीतील परिचारिकेला उपयोग होत नाही. जागा, आकार, रंग व वेळ लिहावी. उदाहरणार्थ: ‘सकाळी ७. उजव्या गालावर स्पर्श कमी जाणवतो, डावीकडे नेहमीसारखा. टाळूवर डाग नाही. रक्तशर्करा तपासली. ड्यूटीवरील डॉक्टरांना ७.१० ला कळविले.’