मनीऑर्डरचं कुपन आणि १६० अक्षरं

परवा कपाट आवरताना आजीच्या पत्र्याच्या डब्यात मनीऑर्डरची कुपनं सापडली. आजोबा मुंबईला गिरणीत, आजी गावी कोकणात. पोस्टमन पैसे द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि तेवढं कुपन तिच्या हातात ठेवायचा. मजकुराला जागा जेमतेम दोन-तीन ओळींची. 'पाऊस लागला का? तब्येत सांभाळ.' बस्स! आजीने तेवढंही जपून ठेवलं होतं.

ते बघताना मला एकदम हाँगकाँग आठवलं. आता तुम्ही म्हणाल, कुठे कोकण आणि कुठे हाँगकाँग! सांगते.

२००४ साली ऑफिसच्या कामासाठी मी तिथे काही महिने होते. रविवारी सेंट्रल भागात गेलं की इमारतींखाली, पुलांवर पुठ्ठे अंथरून बसलेल्या फिलिपिनो बायका दिसायच्या. घरकामाला आलेल्या, आठवड्याची एकच सुट्टी. कुणी डबा उघडलाय, कुणी मैत्रिणीचे केस विंचरतेय, आणि कितीतरी जणींचा अंगठा मोबाईलच्या बटणांवर. आमच्या शेजारी काम करणारी एक जण तर लिफ्टमध्येही टाईप करत असायची. "गोरा गटवत असेल," असं मी ऑफिसात हसत हसत बोलूनही गेले होते. एकदा तिला विचारलंच. ती म्हणाली, "नवऱ्याला लिहितेय. लेकीला ताप आहे." आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

माझ्या त्या वाक्यालाही इतिहास आहे. १९७४ मध्ये मार्कोसच्या राजवटीत नवा कामगार कायदा आला आणि माणसं कामाला परदेशी पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. आधी जास्त करून पुरुष गेले, मग बायकाही मोठ्या संख्येने निघाल्या. त्याच सुमाराला दुसराही एक धंदा फोफावला: फिलिपिनो मुलींचे फोटो छापलेले कॅटलॉग आणि परदेशी गिऱ्हाईक. साडी निवडावी तशी बायको! १९९० मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून या धंद्यावर बंदी घातली. पण इंटरनेट आलं आणि कॅटलॉग पडद्यावर गेला. २०१६ च्या नव्या कायद्यात इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. म्हणजे मुलगी तिथली, पण तिची 'प्रेमकथा' लिहिणारा भलताच कुणीतरी.

पण गंमत पुढेच आहे. त्याच यंत्रांवर त्या मुली स्वतःच्या गोष्टी लिहू लागल्या. 'डायरी नांग पांगेत' ही कादंबरी एका तरुण लेखिकेने टोपणनावाने वॉटपॅडवर लिहिली, २०१४ मध्ये तिच्यावर सिनेमा आला. पांगेत म्हणजे कुरूप. नायिका गरीब, तोंडभर मुरुमं, श्रीमंत मुलाच्या घरी कामाला. २०१५ च्या जुलैत दुपारच्या एका टीव्ही कार्यक्रमात 'याया डब' अवतरली. याया म्हणजे आपली आया. हे काम करणारी माईन मेंडोझा डबस्मॅशच्या व्हिडिओंमुळे प्रसिद्ध झालेली. पडद्याचे दोन भाग, एकात ती, दुसऱ्यात आल्डन रिचर्ड्स. दोघं वेगवेगळ्या जागी, बोलायचं ते गाण्यांच्या ओळींवर ओठ हलवून किंवा कागदावर लिहून. भेटायचं कधी? तर 'योग्य वेळी', असा म्हातारीचा हुकूम! २४ ऑक्टोबरला ५५,००० आसनांच्या फिलिपिन अरीनात तो सोहळा झाला, आणि त्या दिवशी त्यावर ४ कोटींहून जास्त ट्वीट पडले.

एका मोलकरणीच्या प्रेमाचं एवढं वेड का लागावं? मला वाटतं, पडद्याच्या दोन भागांत राहून वाट बघणं त्या देशात घरोघरी ओळखीचं होतं. एका चौकटीत आई, दुसरीत मूल.

२०१९ च्या 'हॅलो, लव्ह, गुडबाय' मध्ये तर मी पाहिलेलं हाँगकाँगच होतं. नायिका घरकाम करणारी, नायक पुन्हा आल्डनच. तो म्हणतो थांब. तिचं प्रेम आहे, पण ती कॅनडाला जाते. आपल्या सवयीच्या सिनेमात इथे नायिका विमानतळावरून पळत परत आली असती!

कॅटलॉगमध्येही गरीब मुलगी होती आणि या गोष्टींमध्येही आहे. फरक एवढाच, की आता तिला मन आहे आणि 'नाही' म्हणायची सोय आहे. सगळं साधलं असं नाही. फसवणूक आहेच, घरापासूनची ताटातूट आहेच. पण गोष्ट तिच्या बाजूने सांगितली जातेय, हे काही थोडं नाही.

शेजारच्या त्या बाईच्या फोनवर एका मेसेजला १६० अक्षरं मिळायची, पण ती तिची स्वतःची होती. आजीच्या डब्यात सगळी अक्षरं आजोबांची. तिला लिहिता येत नव्हतं. तिला काय म्हणायचं होतं, ते कुठल्याच कुपनावर नाही.

असो. डबा पुन्हा जागेवर ठेवलाय. घरातल्या कुणाला तिच्या तोंडचं काही आठवत असेल, तर मला नक्की कळवा.