दख्खन ट्रॅप

दख्खन ट्रॅप : भारतीय द्वीपकल्पाच्या पश्चिम आणि मध्य भागावर एकावर एक साचलेले बेसॉल्टी लाव्ह्याचे थर. क्रिटेशस काळाच्या अखेरीस, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, ते साचले. आज सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर ते दिसतात. झीज होण्यापूर्वी आणि पश्चिमेचा भाग समुद्राखाली जाण्यापूर्वी त्यांचा विस्तार याहून बराच मोठा होता. सिंधुदुर्ग आणि पूर्व विदर्भातील काही जिल्हे सोडले तर जवळजवळ सारा महाराष्ट्र याच खडकावर वसला आहे. माळवा, सौराष्ट्र, कच्छ आणि उत्तर कर्नाटक येथेही तो पसरला आहे. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सापळा असा त्याचा इथे अर्थ नाही.

ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा, माथ्यावर मुख असलेला डोंगर डोळ्यांपुढे येतो. सह्याद्रीत तो शोधणाऱ्याची निराशा होते. कळसूबाई (१,६४६ मी.) किंवा साल्हेर हे ज्वालामुखी नव्हेत, भोवतालचे थर झिजून गेल्यावर उरलेले ते अवशेष आहेत. इथला बहुतेक शिलारस जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. या उद्रेकांना ज्वालामुखी म्हणणे रूढ आहे, पण त्यांना मुख असे नव्हतेच. भेगांत थिजलेला शिलारस मात्र अजून जागेवर आहे. त्याला भित्ती म्हणतात. नंदुरबार-धुळे भागात मऊ खडक झिजून गेल्याने या भित्ती खरोखरच कुणी बांधलेल्या भिंतींसारख्या मैलोन्‌मैल उभ्या दिसतात. तापी-नर्मदेच्या पट्ट्यात त्या साधारण पूर्व-पश्चिम, तर कोकणात किनाऱ्याला समांतर आहेत. त्यामुळे पृथ्वीचे कवच कोणत्या दिशांनी ताणले जात होते, याचा अंदाज त्यांच्यावरून येतो.

भूपट्टाचा प्रवास : हा ताण समजायला भारतीय भूपट्टाकडे वळावे लागते. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटला आणि उत्तरेकडे निघाला. कर्नाटकात उडुपीजवळील सेंट मेरी बेटांवरचे प्रसिद्ध खांबाकृती खडक या ताटातुटीच्या वेळचे आहेत. ते दख्खन ट्रॅपमध्येच मोजण्याची चूक वारंवार होते. पुढे भारताची वाट कवचाखालच्या प्रावरणातून वर येणाऱ्या एका तप्त झोतावरून गेली. ट्रॅपचा लाव्हा या झोतातून आला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. झोताचे मूळ किती खोल आणि भूपट्ट फाटण्याचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. झोत जागच्या जागी राहिला, भूपट्ट पुढे सरकत गेला. त्यामुळे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रियुनियन अशी एक माळ हिंदी महासागरात तयार झाली. दक्षिणेकडे जावे तसे तिचे खडक तरुण होत जातात. मधेच दोन भूपट्टांच्या सीमेवरची, महासागराच्या तळावरील पर्वतरांग या झोतावरून सरकली. म्हणून माळेचा उत्तर भाग भारताच्या बाजूला, तर मॉरिशस आणि रियुनियन आफ्रिकी भूपट्टावर आहेत. रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ आजही वरचेवर लाव्हा ओततो. भूपट्ट सरकतो आणि अशा झोताच्या जागी असलेले तप्तस्थल मागे आपली खूण सोडते, ही कल्पना भूवैज्ञानिक जे. तुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये हवाई बेटांवरून मांडली. जेसन मॉर्गन यांनी ती पुढे प्रावरणातील झोतांपर्यंत नेली.

भारत सरकल्याचा पुरावा खुद्द ट्रॅपच्या दगडातही आहे. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून थिजतात, आणि त्या दिशेच्या कलावरून अक्षांश काढता येतो. १९५० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ पी. एम. एस. ब्लॅकेट यांच्या गटातील शास्त्रज्ञांनी असे नमुने मोजले, तेव्हा हे दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला तयार झाल्याचे दिसले. पुढील मोजमापांनी तो अक्षांश ३० अंश दक्षिणेच्या आसपास ठरवला. भूखंड सरकतात, हे आल्फ्रेड व्हेगेनर यांचे १९१२ चे म्हणणे तेव्हा बहुतेकांनी बाजूला सारले होते. ते पुन्हा विचारात घ्यायला ज्या मोजक्या पुराव्यांनी भाग पाडले, त्यांत सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा हा वाटा आहे.

ट्रॅप साचले तेव्हा भारत वर्षाला १५ सेंमी.हून अधिक वेगाने सरकत होता. आशियाशी टक्कर झाल्यावर हिमालय उभा राहू लागला आणि वेग उतरला. तो आता ५ सेंमी.च्या आसपास आहे.

उद्रेक : लाव्हा सुमारे १,१०० ते १,२०० अंश से. तापमानाचा, सिलिका कमी असलेला, म्हणून पातळ होता. त्यामुळे तो उंच न साचता दूरवर वाहिला. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी आढळणारा बेसॉल्ट पश्चिमेकडून शेकडो किमी. वाहत आलेला आहे, असे रासायनिक साम्यावरून मानले जाते. एकूण लाव्हा लाखो घन किमी. होता. त्यातील बहुतांश जेमतेम १० लाख वर्षांत बाहेर पडला. तुलनेसाठी, आइसलंडमध्ये १७८३ मध्ये लाकी येथील भेगेतून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किमी. लाव्हा आला आणि त्यातील वायूंनी तिथे दुष्काळ पडला.

उद्रेक मात्र सलग नव्हते. दोन लाव्ह्यांच्या मधे मिळालेल्या उसंतीत माती तयार झाली, तळी साचली, झाडे उगवली. अशा वेळचे गाळ अंतर्ट्रॅपी थर म्हणून ओळखले जातात. मुंबईत वरळीच्या थरांत बेडकांचे, तर मध्य भारतात ताडवर्गीय वृक्षांचे जीवाश्म सापडले आहेत. घाटरस्त्यांच्या कापात काळ्या थरांमध्ये दिसणारे तांबडे पट्टे याच विश्रांतीतले. लाव्ह्याच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट गटातील खनिजे भरली. पुण्याजवळ वाघोलीला मिळालेले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे.

डायनोसॉरांचा अंत या उद्रेकांच्या सुमारासच झाला. त्याचा मुख्य दोष मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेल्या अशनीला दिला जातो. गेर्टा केलर यांच्यासारखे काही संशोधक दख्खनच्या वायूंना जबाबदार धरतात. उद्रेक आघाताआधीच सुरू झाले होते आणि नंतरही चालू राहिले, एवढे कालमापनातून स्पष्ट झाले आहे. वाद दोहोंच्या वाट्याचा आहे.

भूरूपे : सेशेल्सचा भाग सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी भारतापासून फुटून निघाला आणि पश्चिम किनाऱ्याची कड खचली. पनवेलच्या परिसरात थर पश्चिमेकडे झुकलेले आढळतात, तर घाटमाथ्यावर ते जवळजवळ आडवे आहेत. खचलेल्या कडेपासून झीज पूर्वेकडे सरकत आली आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखे तुटलेले कडे उरले. पठाराचा उतार पूर्वेकडे राहिला. म्हणून महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा, अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना, १,४०० किमी. चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

थरांची झीज सारखी होत नाही. घट्ट बेसॉल्टाचा कडा होतो, पोकळ्यांचा कुहरी बेसॉल्ट झिजून उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा अशा या पायऱ्या गड चढणाऱ्यांच्या पायांना चांगल्या ठाऊक असतात. अशा सपाटीवर माची आणि वरच्या टप्प्यावर बालेकिल्ला ही आपल्या डोंगरी किल्ल्यांची नेहमीची मांडणी. हाच खडक कोरून अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीची लेणी झाली. त्याच्याच झिजेतून कापसाची काळी माती आली, आणि भरपूर पावसाच्या भागात कोकणचे सडे व पाचगणीचे टेबललँड यांवरचा जांभा तयार झाला. बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किमी. व्यासाचे लोणार सरोवर मात्र ज्वालामुखीचे नव्हे. पूर्वी तसे समजले जाई. ते बेसॉल्टावर झालेल्या अशनी-आघाताचे विवर आहे.

ट्रॅपचा तळ : कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) येथील भूकंपांनंतर ट्रॅपच्या खाली काय आहे हा प्रश्न ऐरणीवर आला. भूकंपाचे मूळ लाव्ह्यात नव्हे, त्याखालच्या जुन्या खडकातील विभंगांत आहे. कोयनेला जलाशयातील पाण्याच्या भाराने आणि झिरपण्याने ते जागे झाले, असे मानले जाते. दोन्ही ठिकाणी खोल विंधन घेण्यात आले. किल्लारीला ३३८ मी.वर, तर कोयना परिसरात सुमारे एक किमी.वर बेसॉल्ट संपला. कोयनेत त्याच्या खाली गाळाचा थर मिळाला नाही. लाव्हा थेट अब्जावधी वर्षे जुन्या ग्रॅनाइटी नाइसवर पसरलेला आहे.