विमान-देखभालीच्या वेळापत्रकाची सांख्यिकीय परीक्षा : १९४२ ते १९७८

प्रस्तावना

यंत्र जितके वापरावे तितके ते झिजते. म्हणून ठरावीक तासांनंतर ते उघडून तपासले की सुरक्षितता वाढते, ही समजूत विमान-देखभालीत दीर्घकाळ निर्विवाद मानली गेली. ती आकडेवारीच्या कसोटीवर कशी तपासली गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

युद्धकालीन निरीक्षण

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा शोध घेण्याची जबाबदारी ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडवर होती. उड्डाणयोग्य विमाने अपुरी पडत असल्याने तेथील ऑपरेशनल रिसर्च विभागाने देखभालीचा प्रश्न हाती घेतला. या विभागात सी. एच. वॉडिंग्टन व सेसिल गॉर्डन हे मूळचे जीवशास्त्रज्ञ कार्यरत होते. विमानांची तपासणी दर ५० उड्डाण-तासांनी होत असे. मागील तपासणीनंतर किती तासांनी अनपेक्षित बिघाड झाले, याची मोजणी करण्यात आली. तपासणी उपयुक्त असेल तर बिघाड तपासणीनंतर अत्यल्प असावेत आणि पुढे वाढत जावेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नेमके उलट आढळले. तपासणीनंतर लगेच बिघाडांची संख्या सर्वाधिक होती व नंतर ती घटत गेली. सुस्थितीतील भागांना लागलेला हातच अनेक बिघाडांना कारणीभूत होत होता. वॉडिंग्टन यांचा यासंबंधीचा ग्रंथ मात्र १९७३ पर्यंत प्रकाशित होऊ शकला नाही.

नागरी विमानवाहतुकीतील पुनर्विचार

अमेरिकेत हा प्रश्न १९६० नंतर ऐरणीवर आला. संपूर्ण दुरुस्तीची कालमर्यादा बदलूनही काही इंजिनांच्या बिघाडांचे प्रमाण आटोक्यात येत नव्हते. १९६८ मध्ये बोइंग ७४७ साठी नव्या तत्त्वांवर देखभाल-योजना आखली गेली. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅनली नोलन व हॉवर्ड हीप यांनी अमेरिकी संरक्षण विभागासाठी सविस्तर अहवाल सादर केला. त्यानुसार अभ्यासलेल्या घटकांपैकी केवळ ११ टक्के घटकांना वयोमर्यादेचा लाभ संभवत होता. ६८ टक्के घटकांत बिघाडाची शक्यता आरंभीच अधिक असून नंतर जवळजवळ स्थिर राहत होती. डीसी-८ विमानाच्या मूळ योजनेत ३३९ घटकांची ठरावीक काळाने संपूर्ण दुरुस्ती अपेक्षित होती, तर डीसी-१० च्या योजनेत अशा घटकांची संख्या अवघी ७ होती.

पद्धतीची मर्यादा

यावरून तपासणीच निरर्थक ठरत नाही. धातूच्या थकव्यामुळे तडा जाणाऱ्या टर्बाइन-चकतीसारख्या भागांना आयुर्मर्यादा आजही आवश्यक आहे. शिवाय जे बिघाड प्राणघातक ठरतात, ते टाळणे हेच देखभालीचे उद्दिष्ट असल्याने त्यांची पुरेशी आकडेवारी कधीच जमा होत नाही. हॉवर्ड रेस्निकॉफ यांनी १९७८ मध्येच या पेचाकडे लक्ष वेधले होते. जेथे चूक सर्वाधिक महाग पडते, तेथेच आकड्यांचा आधार सर्वांत क्षीण असतो. अशा ठिकाणी अभियांत्रिकी ज्ञान व पूर्वपरीक्षण यांवरच विसंबावे लागते.

निष्कर्ष

अधिक देखभाल म्हणजे अधिक सुरक्षितता, हे गृहीतक सरसकट टिकले नाही. कोणता भाग कधी उघडावा याबरोबरच कोणता उघडू नये, हा प्रश्नही पुराव्याच्या कक्षेत आला, हेच या परीक्षेचे ऐतिहासिक महत्त्व होय.