अर्ध्या वेळेची मुले

लुईस हाईन हा अमेरिकन छायाचित्रकार १९०८ पासून कामकरी मुलांचे फोटो काढत हिंडत असे. त्यांत रात्री-अपरात्री तारा पोचवणारी पोरेही होती. हाईन त्यांची नावे, वये टिपून घेई. आपल्या कोटाच्या बटणांवरून मुलाच्या उंचीचा अंदाज घेई. त्याच काळात आमच्या सोलापुरात भोंगा वाजला की पोरे गिरणीच्या फाटकातून आत शिरत होती. त्यांच्या नशिबी हाईन आला नाही.

मुरारजी गोकुळदासांची जुनी गिरणी १८७७ ची. पुढे लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव वाढले. साच्यावरच्या भरलेल्या बाबिणी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, तुटलेली तार जोडायची, ही कामे बारीक बोटांची म्हणून पोरांची. त्यांना 'हाफटायमर' म्हणत. हे नाव ऐकून कोणाला वाटेल, दुपारी शाळा असेल. १८८१ च्या पहिल्या कायद्याने सात वर्षांच्या मुलाला नऊ तास राबवण्याची मुभा दिली होती! १८९१ मध्ये वय नऊवर गेले आणि तास सातवर आले. १९११ मध्ये कापड गिरण्यांपुरते सहा तास झाले. बाराच्या आतल्या मुलांना कारखान्याचे दार बंद झाले ते १९२२ मध्ये.

पण वय ठरवणार कोण? गरिबाच्या घरी जन्माचा दाखला कुठला? सरकारी डॉक्टर मुलाला तपासून दाखला देई, आणि तेच त्याचे वय. अहमदाबादेत तर एकच मूल सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसरीत जाई. म्हणून एका दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यावर १९२२ मध्ये बंदी घालावी लागली. आईबापांना दोष देणे सोपे आहे. पगाराच्या दिवशी दाराशी सावकार उभा असेल, तर पोराचे चार पैसेही मोजावे लागतात.

या कामगार वस्तीतूनच १९३० चे सोलापूर उभे राहिले. मे महिन्यात मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. कुर्बान हुसेन तेव्हा विशीतला होता. तो 'गझनफर' काढी, गिरणी कामगारांत वावरे. चार पुतळ्यांपाशी आपण हार घालतो. त्या पिढीचे बालपण कुठे गेले, हे तिथे उभे राहून विचारावेसे वाटते.

आणि हे सगळे फाटकाच्या आतले. पद्मशाली, साळी, मोमीन यांच्या घरांत हातमाग चालत. बाप मागावर, आई सुताची तयारी करतेय आणि शेजारी पोरगे कांड्या भरतेय, हे चित्र आमच्या मोहल्ल्यांना नवे नाही. हातमागाला इंजिन नाही, म्हणून कारखाना कायदा तिथे लागूच नव्हता. व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात विडीच्या कारखान्यांत राबणारी पाच-पाच वर्षांची मुले नोंदवली. कर्जापोटी मुलाची मजुरी गहाण ठेवण्याला १९३३ मध्ये बंदी आली. १९३८ चा बालकामगार कायदा पुढे विडी वळणे, कापड विणणे अशा धंद्यांपर्यंत पोचला. मात्र मालक जिथे फक्त आपल्या कुटुंबाला घेऊन काम करतो, ते घर त्यातूनही वगळले होते.