माथ्यावर अडलेले पाणी

जव्हार तालुक्यात दाभोसा येथे लेंढी नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते. पावसाळ्यातील तो जलप्रपात पाहून मन स्तिमित होते. मात्र चैत्र-वैशाखात याच परिसरातील पाड्यांवरच्या आयाबहिणी हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. एवढा पाऊस पडूनही ही तहान का? उघड्या उतारावर पाणी थांबत नाही. मातीसह वाहून जाते.

याउलट इतिहास नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पर्जन्यछायेत घडला. १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. १९९६ पासून संगमनेर तालुक्यातील दरेवाडीने तो अंगीकारला. काम माथ्याकडून पायथ्याकडे चालले: आधी समतल चर, बांध आणि झाडे, मग नाल्यावरील बंधारे. हळूहळू विहिरींना पाणी आले.

परंतु कुदळीपूर्वी गावाचा निश्चय हवा होता: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. चराईबंदीचा पहिला भार पडला तो मेंढपाळांवर. ज्याच्या विहिरीला पाणी आले त्याला लाभ झाला. ज्याच्याजवळ केवळ मेंढरे होती, त्याने आपले कुरण सोडले. म्हणून त्याची संमती आणि त्याच्या पोटाची सोय हाच या कार्याचा खरा पाया होय.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरतीचा व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले. दाभोशाच्या माथ्यावर पाणी अडवताना तेथील भूमिहीनाला प्रथम विचारले जावे, एवढेच दरेवाडी आपल्याला शिकवते.