भाजलेली जखम आणि तिच्यातले जंतू : प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यात जळीत जखमांचे जंतुशास्त्र शिकायला निमित्त शोधावे लागत नाही. कुठे स्टोव्हचा भडका, कुठे गुऱ्हाळातली उकळती काहील, कुठे उसाचे पेटवलेले पाचट. नगरच्या सिव्हिलला किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयात पोहोचेपर्यंत जखमेवर बरेचदा हळद, शाई नाहीतर टूथपेस्ट लागलेली असते.

भाजल्यावर पहिले काही तास जखमेत जंतू फारसे नसतात. वरचे उष्णतेने मेलेले असतात. केसांच्या मुळाशी आणि घामग्रंथींत दडलेले स्टॅफिलोकॉकस मात्र वाचतात आणि ४८ तासांत जखमेवर पसरतात. पुढे आठवडाभरात रुग्णाच्या आतड्यातून, वॉर्डातल्या नळावरून, आपल्याच हातांवरून क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनस येतात. ड्रेसिंग सोडताना गॉजवर हिरवट डाग आणि द्राक्षांसारखा गोडसर वास आला की अनुभवी सिस्टर स्यूडोमोनसचे नाव कल्चरच्या आधीच घेतात.

जळालेल्या कातडीत रक्तवाहिन्या उरत नाहीत, म्हणून शिरेतून दिलेले प्रतिजैविक तिथवर पुरेसे पोहोचत नाही. अशा अपुऱ्या मात्रेत दुबळे जंतू मरतात आणि चिवट उरतात. १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणले, ते थेट जखमेवर लावण्यासाठी. १९७० मध्ये यान्झेकोविच यांनी मेलेली कातडी लवकर काढून तिथे त्वचारोपण करण्याचा मार्ग दाखवला. महाराष्ट्राची भरही मोठी आहे : सोलापूरचा मधाच्या ड्रेसिंगचा अभ्यास (१९९१), मुंबईतल्या सायन रुग्णालयाची त्वचापेढी (२०००), तिथलेच केळीच्या पानाचे ड्रेसिंग. गरीब रुग्णाला परवडेल असे काही शोधण्याची ही धडपड मला फार मोलाची वाटते.

सर्वांत अवघड प्रश्न निदानाचा आहे. स्वॅबमध्ये जंतू वाढले म्हणजे संसर्ग झालाच, असे नाही. मोठ्या जळितात ताप तर जंतूंशिवायही येतो. जखमेचा रंग काळवंडणे, तिची खोली वाढणे, कडेची चांगली कातडी लालसर होऊन सुजणे, रक्तदाब उतरणे, हे पाहिल्याशिवाय केवळ अहवाल वाचून औषध चढवू नये. कार्बापेनेम या प्रबळ प्रतिजैविकांच्या गटाला दाद न देणारे जंतू भेटले की हातात बरेचदा कोलिस्टिनसारखे जुने, मूत्रपिंडाला त्रास देणारे औषध उरते. कोंबड्यांच्या खाद्यातही ते सर्रास मिसळले जाई. जंतू त्यालाही सरावू नयेत म्हणून २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यातल्या या वापरावर बंदी घातली.

कोणत्या जंतूवर काय चालते, हे दुसऱ्या शहराच्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. आपल्या वॉर्डाचा तक्ता आपणच, दरवर्षी नव्याने, मांडावा लागतो. प्लेटवर औषधाच्या चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजणे हे कंटाळवाणे काम त्याचा पाया आहे. स्वॅबच्या लेबलवर तारखेसोबत भाजल्याचा कितवा दिवस आहे, तेही लिहा. दुसऱ्या दिवशीच्या आणि बाराव्या दिवशीच्या स्यूडोमोनसचा अर्थ एक नसतो.